ऑपरेटरसाठी केलेले पोहे

हसायचं नाही, एवढं आधी कबूल करा. मगच सांगतो. कारण विषय तसा गंभीर आहे. मजुरी, यंत्र, बाई-माणूस समानता! आता एवढ्या गंभीर विषयात एखाद्याची जन्माची फजिती कशी होऊ शकते, असं तुम्ही म्हणाल. होऊ शकते. माझी झाली. सौंसरच्या बसस्टँडवर कंडक्टर लोक अजून माझ्याकडे बोट दाखवून सांगतात, "हाच तो, सात पोरींवाला."

झालं असं, की मी नागपुरातून बी.ए. होऊन नुकताच सौंसरला परतलो होतो. अर्थशास्त्र घेऊन. नोकरी नव्हती, पण मतं भरपूर होती. आमच्या घरासमोर रस्ता, रस्त्यापलीकडे गुलाबशेठचं संत्र्याचं गोदाम. आंबिया बहाराचा, म्हणजे दिवाळीच्या सुमाराचा, माल सुरू झाला की तिथे ढिगाऱ्याभोवती बाया बसायच्या, नुसत्या नजरेनं मोठं, मधलं, बारीक संत्र वेगळं करायच्या; तीच छाटणी. माणसं पेट्या भरून ट्रकवर चढवायची. बाईची रोजी वेगळी, माणसाची वेगळी. माणसाच्या निम्मी म्हणा ना!

मी शेठला विचारलं, "शेठ, हा फरक का?"

शेठ म्हणाले, "पहिल्यापासून हाय."

झालं! अख्खं अर्थशास्त्र दोन शब्दांत. माझं रक्त उकळायला लागलं. त्या वयात ते तसंही लवकर उकळायचं.

त्यात त्या साली पांढुर्ण्याच्या एका व्यापाऱ्यानं संत्री छाटायचं मशीन आणलं. लगेच गुलाबशेठची झोप उडाली आणि पंधरवड्यात तसंच मशीन आमच्या सौंसरात. लांबलचक पट्टा, त्यावरून संत्री घरंगळत जाणार, बारीक आधीच्या फटीतून खाली पडणार, मोठी पुढच्या. सगळा गाव पाहायला आला. मी पण गेलो. पण लोक मशीन पाहत होते आणि मी विचार करत होतो, की हे चालवणार कोण आणि त्याला रोजी किती?

"मुन्ना चालवन," शेठ म्हणाले. "माह्या साळ्याचा पोरगा. ऑपरेटर. त्याची रोजी माणसाहून दुप्पट."

"त्याला संत्र्यातलं काय कळतं?"

"खाते ना तो."

"आणि या बाया? यांची जिंदगी गेली संत्री पारखण्यात. यांना विचारलं?"

"अबे बीए, बाई कधी मशीन चालवते का?"

"शिवणाचं मशीन कोण चालवतं?"

"आमच्या गल्लीत त दर्जी चालवते."

बोला! पण देव माझ्या बाजूनं होता. दुसऱ्याच दिवशी मुन्नानं मशीन उलटं फिरवलं. टोपलीभर संत्री हवेत उडाली, मुकादमाच्या टोपीत एक अडकलं, आणि बाकीच्यांचा जागेवर रस झाला. नागपूरहून आलेला मेकॅनिक पोट धरून खाली बसला. शेठ मात्र हसले नाहीत. त्यांनी संध्याकाळी मला हाक मारली.

"तू लय बोलत होता ना, भरती अशी कराव, तशी कराव? करून दाखव. सोमवारपर्यंत एक बाई आण. मशीनवरचं हिंदी वाचता आलं पाहिजे, असं मेकॅनिक म्हणते. नाही भेटली त आपला मुन्ना हाय."

"रोजी?"

"ऑपरेटरची."

"माणसाच्या दुप्पट?"

"ऑपरेटरची म्हणलं ना! आन् ऐक, मुकादमाले पत्ता लागू देऊ नको. नाही त त्याची सगळी खानदान लायनीत उभी राहीन."

मी तरंगतच घरी आलो. ही जागा कुणाला मिळायला हवी, हे मला तेव्हाच माहीत होतं, ते सांगतो. छाटणीच्या बायांत एक कुसुम होती. लोधीखेड्याहून रोज बसनं यायची. दहावी शिकलेली. जीभ अशी, की मुकादमसुद्धा तिच्या बाजूनं जायचा नाही. एकदा नळावर पाणी पिताना ती छाटणीतल्याच गंगाबाईला सांगत होती, "मावशी, बाप माहं लग्न करून टाकाच्या मागं लागला. रोजी वाढली त चूप बसन. कमावत्या पोरीले कोणी घाईनं काढत नाही घरातून." हे मी ऐकलं होतं. मुद्दाम नाही. ऐकू आलं.

मग सरळ जाऊन कुसुमला सांगायचं की नाही? तुम्ही सांगितलं असतं. कुणीही शहाण्या माणसानं सांगितलं असतं. पण माझ्याकडे तत्त्व होतं! वशिला नको, ओळख नको, खुली स्पर्धा पाहिजे. तिला आधी सांगितलं तर माझ्यात आणि शेठमध्ये फरक काय राहिला?

म्हणून मी गंगाबाईला गाठलं. ही छाटणीतली सगळ्यात जुनी बाई. पंचक्रोशीतल्या बातम्या बसच्याही आधी हिच्याकडे पोचतात. मुकादम कानाशीच उभा होता, तेव्हा मशीनचं नाव काढायची सोय नव्हती. मी आवाज खाली आणून म्हणालो, "गंगाबाई, रविवारी सकाळी माझ्या घरी शिकलेल्या मुलींना पाठवायचं. शिक्षणाचा दाखला सोबत आणावा. वय खरं सांगावं. वडील आले तरी हरकत नाही."

गंगाबाई माझ्याकडे पाहत राहिली. "कायच्यासाठी, बीएभाऊ?"

"ते तिथेच कळेल. पण निवड झाली तर मुलीचं आयुष्य बदलेल, एवढं समजा."

"हाव का?" गंगाबाईनं पदर तोंडाला लावला. "समजलं. समजलं बाप्पा!"

आता यात न समजण्यासारखं काय होतं, तुम्हीच सांगा!

घरी येऊन मी आईला म्हणालो, "रविवारी काही मुली यायच्या आहेत. पोहे कर."

तर आई रडायलाच लागली. मला वाटलं, पोह्यांच्या खर्चानं. पण मी ठाम होतो. नागपुरात एका इंटरव्ह्यूला मला दिवसभर व्हरांड्यात उभं ठेवलं होतं, कुणी पाण्याला विचारलं नव्हतं. माझ्या इंटरव्ह्यूत असं होणार नव्हतं. उमेदवाराला खुर्ची, चहा, पोहे. श्रमाची प्रतिष्ठा, दुसरं काय?

"एकाच दिवशी साऱ्या?" आईनं डोळे पुसत विचारलं.

"एकत्र पाहिल्या म्हणजे तुलना करता येते."

"तुह्या बाबानं एकच पाहिली होती," आई म्हणाली. मी म्हटलं, बाबा कधी मुलाखती घ्यायला गेले? पण घाईत होतो, विचारायचं राहून गेलं.

रविवारी उठून पाहतो तर अंगण सारवलेलं, दारात रांगोळी, आणि आई लग्नातली साडी नेसलेली. मी म्हटलं, वा! आईलासुद्धा श्रमाची प्रतिष्ठा पटली.

पहिले आले ते पांढुर्ण्याचे एक गृहस्थ. पहिल्या बसनं. धुतलेलं धोतर, नवी टोपी, मागे मान खाली घातलेली मुलगी. पांढुर्ण्यापर्यंत बातमी गेली, म्हणजे भरती खरोखर खुली झाली, या आनंदात मी त्यांना वाकून नमस्कार केला. ते गहिवरले.

"कामाची तयारी आहे ना?" मी सुरुवात केली.

"वाघीण हाय कामाले!" बाप म्हणाला.

"यापूर्वीचा काही अनुभव?"

बापाचा चेहरा पडला. "कायचा अनुभव, साहेब? पहिलीच वेळ हाय हे."

"हरकत नाही, हरकत नाही. नवीन असली तरी शिकवून घेऊ." दाराआड आईला जोराचा ठसका लागला. "आठ-आठ तास उभं राहावं लागेल बरं का."

"आँ? तुमच्या घरी बसू देत नाही का सुनाले?"

सुना? मी म्हटलं, पांढुर्ण्याकडची बोली असेल. मग नजर तपासायला मी मुलीच्या हातात सुईदोरा दिला. तिनं एका झटक्यात ओवला. दाराआडून आईचा आवाज आला, "शिवणकाम येते हो पोरीले!"

"बरं, आता पगाराचं," मी म्हणालो.

"हो, ते पहिले बोला. तुमचा पगार किती?"

"माझा? मला पगार नाही."

"मंग?"

"मी हे समाजासाठी करून राहिलो."

त्या माणसानं माझ्याकडे असं पाहिलं, की आजही आठवलं की मी मान खाली घालतो.

मग एकामागून एक येतच गेल्या. गंमत म्हणजे छाटणीच्या बायांपैकी कुणीच येईना! कुणी भाची पाठवली, कुणी नणंदेची मुलगी, खुद्द गंगाबाईनं आपली पुतणी आणली. तिनं तर जन्मात ढिगाऱ्याला हात लावलेला नव्हता. मी मनात म्हणालो, पाहा, पिढ्यान् पिढ्या दबलेल्या बायांचा स्वतःवर विश्वासच उरला नाही! एक भाषण डोक्यात तयार होत होतं. ओसरीवर बापांची रांग पोहे खात बसली होती. ते एकमेकांकडे कुस्तीतल्या प्रतिस्पर्ध्यांसारखे पाहत होते. मी त्यांना दिलासा दिला, "निवड एकीचीच होईल. बाकीच्यांनी मन लहान करू नये. पुढच्या हंगामात परत बोलावू."

पोहे खाणारे सगळे हात थांबले.

तेवढ्यात लोधीखेड्याची बस आली. कुसुम! सोबत तिचा बाप. मी तर मनातल्या मनात उडीच मारली. पण ती आली तीच कपाळावर आठ्या घेऊन.

"बसा," मी म्हणालो.

"बसत नाही."

"बरं. तर ही जागा तुम्हाला का हवी?"

"नको."

"म्हणजे?"

"नको म्हणजे नको. बापानं आणलं म्हणून आली. नाही त येत नव्हती मी."

माझ्या पायाखालची जमीन सरकली. सगळी भिस्त हिच्यावर होती. उद्या सोमवार! "अहो, असं काय करता? तुमच्यासारखी या गावात दुसरी नाही. मी शेठनासुद्धा तुमच्याबद्दल सांगणार होतो."

"शेठले? शेठचा इथी काय संबंध?"

"वा! पैसे तर शेठच देणार ना!"

कुसुमच्या बापानं टोपी काढली आणि परत घातली. "बेटा," तो म्हणाला, "तुह्या घरचा खर्च शेठ करते?"

"घरचा कसा? हिचा!" मी कळवळून म्हणालो. मला वाटलं, बिचारी घाबरली आहे. धीर द्यावा. "हे पाहा, कुसुमबाई, मन मोकळं ठेवा. आपण चार दिवस ट्रायल घेऊ. जमलं तर कायम. नाही जमलं तर परत पाठवून देऊ. मुन्ना आहेच."

आता काय झालं ते नीट ऐका.

आईच्या हातातून पोह्यांची थाळी पडली. कुसुमचा बाप उठला. ओसरीवरचे बाकीचे सहाही उठले. जे घटकेपूर्वी एकमेकांकडे खाऊ का गिळू पाहत होते, ते एका क्षणात सख्खे भाऊ झाले.

"परत पाठवशीन?" कुसुमचा बाप गरजला. "माही पोरगी का भाड्याची सायकल हाय? चार दिवस चालवून पाहतो म्हणते!"

"आन् हा मुन्ना कोन हाय?" पांढुर्णेवाले ओरडले.

"मारा याले!" हा आवाज गंगाबाईचा होता.

मी खुर्चीमागे गेलो आणि तिथून ओरडलो, "अहो, पण मशीन चालवता नाही आलं तर शेठ तरी किती दिवस ठेवणार?"

पुढे आलेले बाप थबकले.

"कोणती मशीन?" कुसुमनं विचारलं.

"संत्र्याची! ऑपरेटर पाहिजे शेठना. त्याचाच इंटरव्ह्यू आहे ना हा! तुम्हाला काय वाटलं?"

मी रांगोळीकडे पाहिलं. आईच्या साडीकडे पाहिलं. मान खाली घातलेल्या मुलींकडे पाहिलं, नव्या टोप्यांकडे पाहिलं. आणि बी.ए. झालेल्या माणसाच्या डोक्यात अखेर उजेड पडला.

कुसुम मात्र हसायला लागली. असं हसली, की भिंतीला टेकली. मग ती पुढे आली, पदर खोचला आणि खुर्चीवर ऐसपैस बसली.

"मंग हे पहिले काऊन नाही सांगतलं?"

"तत्त्व होतं."

"जळो तुमचं तत्त्व! रोजी कोणाची? बाईची का माणसाची?"

"ऑपरेटरची. माणसाच्या दुप्पट."

"घ्या मंग इंटरव्ह्यू. आन् पोहे आना, भूक लागली."

बाकीच्यांना आवरता आवरता माझा घसा बसला. पांढुर्णेवाले म्हणाले, "पोरगी त पाहून घेतली ना तुम्ही! आता गावात काय सांगू? सुई ओवाले नेली होती म्हणून?" त्यांच्या मुलीनं मात्र जाता जाता पहिल्यांदा मान वर केली. "मी पन वाचून दाखवू का हिंदी?" तिनं हळूच विचारलं. बापानं हात धरून तिला ओढत नेलं. सगळ्या गोंधळात ती एक गोष्ट अजून मला टोचते. पण ते जाऊ द्या.

सोमवारी कुसुम मशीनवर उभी राहिली. मेकॅनिकनं दाखवलं, तिनं वाचलं, दोन वेळा चुकली, तिसऱ्यांदा पट्टा सुरळीत चालला. दर वर्षी ज्या संत्र्यांशी हातानं झुंजायची ती आता तिच्यापुढून निमूट चालत होती. मी दारात उभा राहून शेठकडे असा पाहत होतो, जसं मशीन मीच शोधलं आहे.

आणि आठवड्याच्या बाजारी, रोजी वाटताना, शेठनं तिला बाईची रोजी दिली!

"शेठ, ऑपरेटरची ठरली होती!" मी धावलो.

"ते माणूस-ऑपरेटरची. हे बाई-ऑपरेटर हाय."

"पण का?"

"पहिल्यापासून हाय."

पहिल्यापासून! मशीन येऊन आठ दिवस झाले होते! मी त्या रात्रभर बसून भाषण लिहिलं. शोषण, भांडवल, समान कामाला समान दाम, सगळं. सकाळी ते खिशात घालून गोदामात गेलो तर तिथे वेगळाच देखावा. मशीन चालू होतं, पण पट्टा असा सरकत होता, जशी वैशाखातली जेवणानंतरची दुपार. एक संत्र पडायचं. मग सगळे दुसऱ्याची वाट पाहायचे. बाहेर दोन ट्रक उभे, ड्रायव्हर हॉर्न मारून राहिले होते.

"मेकॅनिकले बोलवा!" शेठ ओरडत होते. "मशीन खराब झाली!"

"मशीन बरोबर हाय, शेठ," कुसुम शांतपणे म्हणाली. "रोजी खराब हाय. बाईच्या रोजीत इतकीच फिरते."

दुपारच्या आत ऑपरेटरची रोजी ठरली. माझं भाषण खिशातच राहिलं. शेठ मात्र माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बीए, भरती मस्त केली. मुन्ना असता त नुसतीच संत्री उडवली असती."

जिंकलो ना? मला तसंच वाटलं. तर गंगाबाई म्हणाली, "पहिले आम्ही माणसाच्या खाली होतो. आता कुसुमच्याई खाली. मशीन नुसती मोठं-बारीक पाहते. सडकं कोन पाहते? आम्हीच ना? आमचा इंटरव्ह्यू कधी घेतो?" एक फरक मिटवायला गेलो आणि शेजारी दुसरा उभा करून आलो! अर्थशास्त्रात हे होतं का? असेल. मी तो धडा ऑप्शनला टाकला असणार. आता त्या सगळ्यांच्या रोजीसाठी भांडण चालू आहे. मी गोदामाच्या दारात भाषण देतो, कुसुम आत पट्ट्याचा वेग कमीजास्त करते. शेठ कशाला जास्त घाबरतात, ते तुम्ही ओळखालच.

राहिली माझी गोष्ट. सात मुली पाहिल्या आणि एकही पसंत केली नाही, अशी माझी कीर्ती नागपूर रोडपासून छिंदवाड्यापर्यंत गेली. कुणी मुलगी दाखवायला तयार होईना. आईनं सहा महिने वाट पाहिली. मग एके दिवशी म्हणाली, "एकीच्याच घरी आता तोंड दाखवता येते. चाल."

लोधीखेड्याला गेलो. मला कुठे बसू आणि कुठे नको झालेलं. कुसुमच्या बापानं खुर्ची दिली आणि स्वतः दाराशी उभा राहिला, पळून जाऊ नये म्हणून असेल. पोहे आले. समोर कुसुम बसली. मान वर, नजर सरळ.

"शिक्षण?"

"बी.ए."

"यापूर्वीचा अनुभव?"

"सात मुली पाहिल्याचा."

"पगार?"

"सध्या नाही," मी पोह्यांकडे पाहत म्हणालो. "प्रयत्न करून राहिलो."

"मंग माह्यापेक्षा कमीच. तुम्हाला चालन हा फरक?"

इतके महिने ज्या फरकाविरुद्ध घसा फोडला, तो समोर बसून चहा ओतत होता! मी म्हणालो, "चालेल."

तिनं चहाचा कप माझ्यापुढे सरकवला. मग अगदी माझ्याच आवाजात म्हणाली, "हरकत नाही. चार दिवस ट्रायल घेऊ. नाही जमलं तर परत पाठवून देऊ."

मी आईकडे पाहिलं. म्हटलं, आता आई उठेल. गरजेल. माझा पोरगा का भाड्याची सायकल आहे, असं विचारेल.

आई उठली. कुसुमचे दोन्ही हात धरले आणि काकुळतीला येऊन म्हणाली, "चार दिवस कायले, बाई? ठेवूनच घे. परत नको पाठवू."